अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याचं करताना बळ कुठून आणायचं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि उत्तर लिहायला दोन दिवस घेतले. इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुम्ही लिहिलेलं थोडक्यात सांगते. यजमान ४७ वर्षांचे, फाउंड्रीत मोल्डर होते. १४ महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. आता आधार दिला की थोडं चालतात. बोलण्यात 'हो', 'नको' आणि एखादा शब्द. तुम्ही ४१ वर्षांच्या, घरी शिवणकाम करता. मुलगी दहावीला, सासूबाई ७४ वर्षांच्या. गेल्या आठवड्यात एकाच रात्रीत तिसऱ्यांदा अंथरूण ओलं झालं तेव्हा तुम्ही त्यांच्या अंगावर ओरडलात. ते रडले, मग तुम्हीही रडलात. वटपौर्णिमेला शेजारच्या बायका म्हणाल्या होत्या, "तू सावित्रीच गं, तुझ्या प्रेमावर तो उभा आहे." आणि तुम्ही विचारता, प्रेमाने माणसाला बळ येतं म्हणतात, मग माझ्यात का येत नाही? माझं प्रेम आटलं का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोल्हापूर-सांगली भागात २१ वर्षं घरोघरी जाऊन पक्षाघाताच्या रुग्णांचे व्यायाम घेते. मनाच्या आजारांची डॉक्टर मी नाही, हे आधीच सांगते. पण एकेका घरी आठवड्यातून तीन दिवस, कधी सहा महिने तर कधी दोन वर्षं जाणं होतं. दवाखान्यात बाई हसून बोलते. घरी मात्र ओट्यावरची भांडी, दोरीवरच्या चादरी आणि तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं दिसतात. तुमच्यासारखा प्रश्न विचारणाऱ्या बायका मला दर वर्षी भेटतात. बहुतेक जणी दाराशी चपला घालताना, मी निघाले की, हळू आवाजात विचारतात.

तुमच्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य बाजूला ठेवून बाकीचं मी पुन्हा वाचलं. रात्री तीनदा उठणं, सकाळी सहाला मुलीचा डबा, दिवसभर मशीन, मधेमधे त्यांचं खाणं, संडास, अंघोळ. १४ महिन्यांत एकही रात्र सलग झोप नाही. तुम्ही त्यांच्यावर ओरडलात त्याचं पहिलं कारण इथे आहे, आणि ते प्रेमाच्या आधी येतं. पुराणातल्या सावित्रीने तीन रात्रींचं व्रत केलं आणि चौथ्या दिवशी यमामागून चालत गेली. तुम्ही चारशेहून जास्त रात्री काढल्या आहेत. शेजारणींनी प्रेमानेच नाव दिलं असेल, पण त्या नावाने तुमच्यावर आणखी एक ओझं टाकलंय: थकायची परवानगीच काढून घेतली.

शरीराचं सांगते. १९९५ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या संशोधकांनी एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाचं घरी करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या, तसं ओझं नसलेल्या १३ स्त्रिया घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची बारीक जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. शुश्रूषा करणाऱ्या बायकांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. त्या बायकांचं आपल्या माणसावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? रोज करत होत्या, वर्षानुवर्षं करत होत्या. तरी शरीर आपला हिशेब वेगळा ठेवत होतं. तुमचं चिडणं, विसरणं, मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागणं हे त्याच हिशेबातलं आहे.

म्हणून आधी ओल्या अंथरुणाचंच बघू, कारण या एका गोष्टीने तुमच्या रात्री परत मिळू शकतात. पक्षाघातानंतर लघवीवरचा ताबा कमी होणं नेहमीचं आहे, आणि पुष्कळदा ते सुधारतं. डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. लघवीची तपासणी, साखर आणि प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) बघायला हवं, कारण साधा लघवीचा संसर्ग असला तर गोळ्यांनी फरक पडतो. दिवसा दर दोन-अडीच तासांनी, त्यांनी खूण केली नाही तरी, युरिन पॉट द्या. पाणी दिवसभर नेहमीएवढंच द्या, फक्त संध्याकाळी सातनंतर कमी करा. पाणीच तोडलं तर संसर्ग वाढतो, ही चूक मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. रात्रीसाठी पुरुषांना बाहेरून लावायचं कंडोम कॅथेटर मिळतं. ते आत घालायचं नसतं, खाली पिशवी जोडलेली असते. एकदा नर्सकडून लावायला शिकून घ्या आणि सकाळी काढून त्वचा स्वच्छ धुऊन कोरडी करा. एका घरात ही पिशवी लागल्यानंतर आठवड्याने मी गेले तर बाई म्हणाल्या, "मॅडम, काल मला हे पुन्हा आवडले." प्रेम तिथेच होतं. झोप झाल्यावर दिसलं.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. सुरुवातीची काही वर्षं मी प्रत्येक घरात एकच वाक्य बोलत असे: "आता सगळं तुमच्या हातात आहे. जेवढं कराल तेवढे ते सुधारतील." मला वाटायचं मी उमेद देते. एका घरात त्या बाई दिवसातून चार वेळा व्यायाम घ्यायच्या, मी सांगितल्यापेक्षा दुप्पट. नवऱ्याचा हात मात्र उघडला नाही. वर्षाने त्या मला म्हणाल्या, "माझंच काहीतरी कमी पडलं." त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला माझं वाक्य आठवलं. ते मी त्यांच्या गळ्यात बांधलं होतं.

पुढे २०१७ मध्ये आपल्याच देशातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १४ रुग्णालयांतले पक्षाघाताचे १२५० रुग्ण. अर्ध्यांच्या घरच्यांना शिकवलं की व्यायाम कसे घ्यायचे, कसं उठवायचं-बसवायचं. उरलेल्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांत दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले रुग्ण सारखेच, साधारण ४७ टक्के. अनेक सहकाऱ्यांना हे वाचून वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण त्या बाईंसाठी मला त्यात एक सुटका दिसली. घरच्यांनी जीव ओतला म्हणून मेंदूतली मेलेली जागा जिवंत होत नाही. झटका किती मोठा होता, कुठे होता, पहिल्या तीन-सहा महिन्यांत किती सुधारणा झाली, यावर बरंच ठरतं. त्यानंतरही सुधारणा होते, हळू होते, आणि सराव लागतोच; तुमचं काम वाया जात नाही. अकडलेले सांधे मोकळे राहतात, पाठीला जखमा होत नाहीत, पडणं टळतं. पण त्यांचा उजवा हात उद्या उघडला नाही तर तो तुमच्या प्रेमाचा निकाल नाही. शेजारीण म्हणाली 'तुझ्या प्रेमावर उभा आहे', त्या वाक्याची दुसरी बाजू तुम्ही रात्री स्वतःला ऐकवत असणार: बसला तर माझ्यामुळे बसला. ते खोटं आहे.

मग प्रेमाने बळ येतं हे खोटंच का? नाही. २१ वर्षांत मी ते डोळ्यांनी पाहिलंय. पण येतं ते आपण समजतो त्या वाटेने येत नाही.

एक निवृत्त एसटी चालक होते. डावी बाजू गेलेली, बोलणं शाबूत, स्वभाव कडक. दोन महिने मी त्यांना आधाराशिवाय उभं राहायला सांगत होते आणि ते दोन महिने नकार देत होते. बायको सगळं हातात देत होती: पाणी, टॉवेल, चष्मा, पेपर. ती खरंच जीव लावणारी बाई. एक दिवस तिला कडाक्याचा ताप आला, घरात दुसरं कोणी नव्हतं. ती पाणी मागत होती. हे पलंगाच्या कडेला सरकले, काठी धरून उभे राहिले आणि टेबलापर्यंत चार पावलं गेले. निम्मं भांडं सांडलं, निम्मं तिच्यापर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर तापाने फणफणलेली ती बाई मला हेच सांगत होती, सांडलेल्या पाण्यासकट. (तसं एकट्याने उठणं धोक्याचं होतं, ते मी त्यांना सांगितलंही. पण पुढच्या महिन्याभरात ते माझ्याबरोबर अंगणापर्यंत आले.)

त्या दिवसापासून मी घराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. त्या माणसाला दोन महिने प्रेम मिळतच होतं, भरपूर मिळत होतं. त्याने तो उठला नव्हता. उठला तो देण्यासाठी. आणि बायकोचंही बघा, तिला बळ आलं ते निम्म्या भांड्याने. इतके दिवस ती देत होती, त्या दिवशी तिला मिळालं.

मला वाटतं तुमच्या घरात हीच गाठ बसली आहे. तुमच्या सगळ्या लिहिण्यात तुम्ही त्यांच्यासाठी काय करता ते आहे. ते तुमच्यासाठी काय करतात यावर एकही वाक्य नाही. मी दोष देत नाही. आजार आला की घर आपोआप तसं होतं. आपण म्हणतो, त्यांना कशाला त्रास. हळूहळू त्या माणसाकडे देण्यासारखं काही उरतच नाही, आणि करणारीकडे घेण्यासारखं. नातं दोघांचं होतं ते एकीचं काम होऊन बसतं. प्रेम असूनही बळ संपतं ते इथे. विहिरीतून उपसा चालू आहे आणि झरा बुजलेला आहे.

दुसरं एक घर सांगते. ऊस असलेले शेतकरी, ६८ वर्षांचे. बायकोला झटका आला, तुमच्या यजमानांसारखीच उजवी बाजू आणि वाचा. आयुष्यात चहासुद्धा न केलेला माणूस स्वयंपाकघरात उभा राहिला. बायकोची खुर्ची त्यांनी चुलीशेजारी आणून ठेवली. ती डाव्या हाताने आमटी चाखायची आणि बोटांनी खूण करायची, मीठ अजून, तिखट पुरे. भाकरी थापताना तुटली की हसायची. चार महिन्यांनी त्यांची भाकरी फुगायला लागली. मी विचारलं, "मामा, कंटाळा येत नाही?" तर म्हणाले, "मी कुठे करतोय, ती सांगते तसं होतंय." त्यांच्या घरी पैसा होता, सून जवळ राहत होती, दोघांचं आधीपासून पटत होतं, तुमच्याशी सरसकट तुलना करायची नाही. पण चुलीशेजारची ती खुर्ची प्रत्येक घरात ठेवता येते.

तुमच्या घरी तर शिवणकाम आहे. हे ऐकून मला आनंद झाला, कारण यापेक्षा चांगलं काम मला सुचलं नसतं. कापड बेतताना त्यांना टेबलाशी बसवा, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. त्यांचा उजवा तळहात मोकळा करून कापडाच्या टोकावर ठेवा. तो हात काही करत नाही, फक्त वजन म्हणून कापड दाबून धरतो. आमच्या शास्त्रात हे खऱ्याखुऱ्या व्यायामात मोडतं. लुळ्या हातावर भार येणं आणि त्याचा मदतीला वापर होणं दोन्ही चांगलं. डाव्या हाताने रिळं रंगांप्रमाणे लावणं, बटणं निवडणं, हुक आणि आय वेगळे करणं. सुया आणि कात्री मात्र दूर. संध्याकाळी मेथी निवडायला द्या, मटार सोलायला द्या. पहिल्यांदा तुम्हाला वाटेल, यापेक्षा मीच पटकन केलं असतं. खरं आहे, तुम्ही पटकन केलं असतं. तरी थांबा. आणि काम झालं की जुनं झालेलं वाक्य नको, 'शाब्बास' नको, ते लहान मूल नाहीत. 'बरं झालं, माझी वीस मिनिटं वाचली' असं म्हणा, वाचली असतील तरच.

बोलण्याबद्दल थोडं. वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही. पुष्कळ रुग्णांना बोलता येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकच प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर हो किंवा नको असेल. मग मनात दहापर्यंत आकडे मोजा. आपण सगळे तीनलाच दुसरा प्रश्न विचारतो. आणि एकदा संध्याकाळी त्यांच्याबरोबर 'सुखकर्ता दुःखहर्ता' म्हणून बघा. ज्यांना बायकोचं नाव घेता येत नाही असे रुग्ण आरतीच्या चार ओळी म्हणताना मी पाहिले आहेत. पाठ असलेलं आणि चालीवरचं बोलणं मेंदू वेगळ्या वाटेने काढतो, उजव्या बाजूची मदत घेऊन, असं मानतात. १९७३ मध्ये बोस्टनच्या तज्ज्ञांनी यावरच एक उपचारपद्धत बसवली. सगळ्यांना जमतं असं नाही, आणि आरती आली म्हणजे उद्या गप्पा मारतील असंही नाही. पण १४ महिन्यांनी घरात त्यांचा आवाज येईल, आणि तो मुलीच्या कानावर पडेल. जवळ वाचा-उपचार करणारं कोणी असेल तर अजूनही दाखवा, उशीर झालेला नाही.

ते रडले, त्याचं. पक्षाघातानंतर काही रुग्णांना रडू किंवा हसू आवरत नाही, मनात तेवढं नसलं तरी. मेंदूतला तो लगामच सैल होतो. शिवाय साधारण तीनातल्या एका रुग्णाला पुढे नैराश्य येतं. दोन्हींवर औषधं आहेत, पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. त्यांचं प्रत्येक रडणं हा तुमच्यावरचा आरोप आहे असं धरून चाललात तर तुम्ही रोज हराल. ओरडल्याबद्दल माफी मागायची असेल तर साध्या शब्दांत मागा: 'मी दमले होते, तुमच्यावर राग नव्हता, अंथरुणावर होता.' त्यांना समजेल.

आता जे मला माहीत नाही आणि ज्यावर बरंच अवलंबून आहे, ते. आजारपणाआधी तुमचं दोघांचं कसं होतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी अशा घरांतही गेले आहे जिथे पलंगावरच्या माणसाने वीस वर्षं बायकोला मारलं होतं. तिथे कोणी तिला प्रेमाचं बळ शिकवायला लागलं की मला संताप येतो. तिने माणुसकीने केलं, कर्तव्य म्हणून केलं, किंवा दीर-नणंदांना बोलावून वाटून दिलं, तरी ती कुठेही कमी नाही. प्रेम नाही हे मनात मान्य केल्यावर काही बायकांना उलट करणं सोपं गेलं, कारण नाटक संपलं. तुमचं तसं नसावं असं मला वाटतं. ज्याच्यावर ओरडून तुम्ही आठवडाभर तळमळता, त्याच्याबद्दल आत काहीतरी आहे.

इतरांचे हात कसे घ्यायचे, तेही सांगते. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्या माणसाला काम, वार आणि वेळ सांगा. 'भावोजी, दर रविवारी दहा ते एक तुम्ही बसा, मी बाहेर जाणार' एवढं ठरीव. सासूबाईंकडून उचलण्याचं काम नको, पण पॉटची वेळ लक्षात ठेवणं त्यांना जमेल. मुलीची दहावी आहे. बापाशेजारी बसून मोठ्याने धडा वाचणं तिचंही काम होईल आणि त्यांचंही. संडासचं काम मात्र तिच्यावर टाकू नका. तुमची कंबर सांभाळा. उठवताना काखेत हात घालून ओढू नका आणि उजवा हात धरून तर कधीच नाही, खांदा निखळतो. खुर्ची त्यांच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला लावा. त्यांची पावलं मागे, अंग पुढे झुकवून नाक पायाच्या बोटांच्या रेषेत, तुमचा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकवून, कमरेच्या पट्ट्याला धरून उठवा. वजन त्यांचे पाय घेतील. आणि रक्तदाबाच्या गोळ्या कधीही स्वतःहून बंद करायच्या नाहीत, दुसरा झटका टाळणं यापुढे सगळ्यात मोठं काम आहे.

पैशाचा तुम्ही उल्लेख टाळलात, पण मोल्डरचा पगार बंद झाला म्हणजे काय होतं ते मला माहीत आहे. फाउंड्रीत त्यांची ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) कापली जात होती का बघा. दीर्घ आजारांच्या यादीत अर्धांगवायू आहे, नोकरीची अट बसली तर वाढीव आजारपण लाभ मिळतो. पीएफच्या पेन्शन योजनेतही नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पेन्शनची तरतूद आहे. १४ महिने झालेत, म्हणून याच आठवड्यात कागद घेऊन जा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर त्याचा अर्ज करा, पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर अडतात. प्रेमाच्या प्रश्नात मी कागदपत्रं का घुसवते असं वाटेल. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे दोन हजार रुपये महिना आले आणि सकाळी दोन तासांसाठी एक मावशी ठेवता आली, आणि नवरा-बायको पुन्हा एकमेकांशी बोलायला लागले.

एक गंभीर गोष्ट. सगळं संपवून टाकावं, त्यांना आणि स्वतःला, असा विचार कधी आला असेल किंवा आला तर त्याला प्रेमाची कमतरता समजून लपवू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, कोणत्याही वेळी, मराठीत बोलता येतं. तसा विचार सुचलेल्या दोन-तीन बायका मला भेटल्या आहेत. त्या वाईट नव्हत्या, त्यांची झोप झालेली नव्हती.

शेवटचं, आणि हे मला स्वतःला उशिरा उमगलं. २००६ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संसारात सुखी असलेल्या १६ स्त्रियांना एमआरआयच्या यंत्रात झोपवून सांगितलं की मधूनच विजेचा बारीक झटका बसेल. एकदा त्यांच्या हातात कोणाचाच हात नव्हता, एकदा अनोळखी माणसाचा, एकदा नवऱ्याचा. धोक्याची सूचना मिळाल्यावर मेंदूत जी धावपळ होते ती नवऱ्याचा हात धरलेला असताना सर्वांत कमी झाली, आणि ज्यांचं नातं जास्त चांगलं त्यांची आणखी कमी. झटका तेवढाच होता. तो एकटीने सोसायचा नाही हे शरीराला कळलं होतं.

हे वाचल्यावर मला माझ्याच कामातली एक गोष्ट लक्षात आली. रुग्णाच्या घरी सगळे जण लुळ्या हाताशी झटत असतात. मी तो ताणते, बायको तो चोळते, मुलं त्यात चेंडू देतात. चांगल्या हाताकडे कोणी बघतच नाही. तुमच्या यजमानांचा डावा हात धडधाकट आहे, ताई. त्यात ताकद आहे, त्याला तुमचा स्पर्श पूर्ण कळतो, तो तुमचा हात दाबू शकतो. १४ महिन्यांत तुम्ही तो काम नसताना कधी धरलात का, ते आठवून बघा.

युरिन पॉट आणि पिशवीचं उद्या करा, ते आधी. मग रात्री मुलगी अभ्यासाला बसली की त्यांच्या डाव्या बाजूला खुर्ची घ्या. औषध नको, व्यायाम नको. हात हातात द्या आणि दिवस कसा गेला ते त्यांना सांगा, कोणत्या गिऱ्हाइकाने ब्लाऊज परत आणला तेही सांगा. नवरा म्हणून सांगा, रुग्ण म्हणून नको. दहा मिनिटं पुरेत. उठताना दुसऱ्या दिवशीची रिळं त्यांच्यापुढे ठेवा.